अस्तरातली नऊ पत्रं

डब्लिन,
१९ मे १९१६

ती. बाबांना डेलियाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं कार्ड मिळालं. त्यात तुम्ही नुसतं हवामान लिहिलंत, त्यावरून समजायचं ते समजले. हल्ली पत्रं मध्येच उघडून वाचतात, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! तेव्हा हे जो कोणी उघडून वाचत असेल त्यालाही माझा नमस्कार. वाचून झालं की नीट चिकटवा म्हणावं. माझे वडील पोस्टमास्तर आहेत, त्यांना फाटकी पाकिटं खपत नाहीत.

बाबा, आता आशा धरण्यासारखं काही उरलेलं नाही. आपला फिंटन गेला. ईस्टरच्या आठवड्यातल्या शुक्रवारी बंडवाल्यांनी धरून ठेवलेली मोठ्या पोस्टाची इमारत पेटली, फिंटनसकट ते बाहेर पडले, आणि मूर स्ट्रीटच्या तोंडाशी त्याला गोळ्या लागल्या. तीन आठवडे मी इस्पितळं पालथी घातली, तुरुंगांच्या याद्या वाचल्या. शेवटी चष्म्याच्या डबीवर आपल्या गावाचं नाव निघालं, त्यावरून पटलं. त्याला इतरांबरोबर एकाच खड्ड्यात पुरलंय. मी जाऊन आले. ओल्या मातीवर चुना पसरलेला आहे, आणि जवळ जाऊ देत नाहीत.

त्याच्या वस्तू बराकीतल्या कचेरीत ठेवल्या आहेत. भिंतीवर यादी लावलीय, तीत त्याच्या नावापुढे असं आहे: घड्याळ, जपमाळ, चष्मा, एक किल्ली, आणि ‘इतर कागद’. मी मागितल्या तर म्हणाले की वडील हयात असतील तर त्यांनीच यायचं, बहिणीला मिळणार नाहीत. एक फॉर्म आहे. त्यात वडिलांचं नाव, गाव, व्यवसाय लिहायचा, आणि मयत इसम हत्यार घेऊन राजाविरुद्ध उभा होता की नव्हता, ते लिहून खाली सही करायची.

आमचं हातमोज्यांचं दुकान जळून गेलं. मालकांनी नदीपलीकडे एक खोली घेतलीय, तिथे आम्ही तिघी बसतो. माझी काळजी नको. तुम्ही कधी येता ते कळवा. आईला कसं सांगायचं ते तुम्हीच ठरवा. धाकट्या ऊनाला प्रेम. तुमची माया माझ्यावर आहे ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची
डेलिया

•

बॅलिकार्न,
२३ मे १९१६

चि. डेलिया हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल दुपारच्या पिशवीतून आलं. पिशवी मीच उघडली, शिक्का मीच मारला, आणि मग ते वाचलं. त्यानंतर खिडकीवर चार गिऱ्हाइकं उभी होती, त्यांना तिकिटं दिली. तुझ्या आईला संध्याकाळी सांगितलं.

मी येणार नाही. कारण लिहितो, म्हणजे तू पुन्हा विचारणार नाहीस.

गेल्या आठवड्यात जिल्ह्याचे इन्स्पेक्टर येऊन गेले. पोस्टाच्या प्रत्येक नोकराकडून लिहून घेतलंय की त्याचा किंवा त्याच्या घरातल्या कोणाचा या बंडाशी संबंध नाही. तेव्हा मला काही ठाऊक नव्हतं, मी सही केली. आता दुसऱ्या कागदावर त्याच्या उलट सही कशी करू? मला पेन्शनला दीड वर्ष राहिलंय. ऊना शिक्षिका व्हायला शिकतेय, तिची त्या शाळेतली जागा सरकारी आहे. आणि हे घर पोस्टाचं आहे, आपलं नाही, हे तुम्हा मुलांना मी कधी जाणवू दिलं नाही, एवढंच.

दुसरं कारण तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. एकतीस वर्षांपूर्वी मी परीक्षेला त्याच इमारतीत गेलो होतो. नवे बूट चावत होते म्हणून दाराशी ते काढून पुसले आणि मग आत गेलो. शहरात इतक्या इमारती आहेत. या मुलाला माझीच सापडली! पोस्टमास्तरच्या पोरानं पोस्ट जाळायला जावं, यावर इथं खिडकीसमोर कोण काय बोलत असेल, याचा विचार कर. माझ्यासमोर कोणी काही बोलत नाही, ते जास्त वाईट.

बहिणीला देत नसतील तर वडील वारले म्हणून सांग. मी मेलो म्हण. माझी हरकत नाही.

प्रकृतीला जप. चूल नसेल तर त्या खोलीत कोळसा मागून घे, मालकांची भीड धरू नकोस. आशीर्वाद आहेतच, ते कमी व्हायचे नाहीत.

लॉरेन्स डेव्हिन

•

ड्रमगार,
२६ मे १९१६

माझ्या लाडक्या डेलियास आईचा आशीर्वाद.

हे पत्र टाकायला मी चार मैल चालत ड्रमगारच्या पोस्टात आलेय. आपल्या पेटीत टाकलं असतं तर यांनी अक्षर ओळखलं असतं. उघडलं नसतं, तेवढे ते सरळ आहेत, पण दोन दिवस माझ्याकडे बघत राहिले असते. इथल्या बाईनं विचारलंच, की तुमच्याकडची तिकिटं संपली का म्हणून. मी म्हटलं, माझ्या पायांना चालणं सांगितलंय डॉक्टरांनी.

तू यांच्यावर रागावू नकोस. त्याचं नाव घरात काढायचं नाही असं सांगितलंय खरं, पण रोज टपालाची पिशवी रिकामी झाल्यावर हात आत घालून तळ चाचपतात. एकदा नाही, दोनदा. मी बघते आणि बटाटे सोलते.

मला सगळं लिही. त्याच्या अंगात लोकरीचा सदरा होता का? मी ख्रिसमसला विणून दिलेला. गोळी कुठे लागली? लगेच गेला का? गोड करून लिहू नकोस, मी जनावरांची बाळंतपणं केलेली बाई आहे. आणि ती किल्ली कसली आहे? आपल्या घरातली नाही, मी सगळ्या मोजल्या.

मला त्याची जपमाळ हवी. चर्चमधल्या त्याच्या पहिल्या कम्युनियनच्या विधीला मी दिली होती ती. बाकी घड्याळबिड्याळ सरकारनं ठेवून घेतलं तरी चालेल. पण ती माळ कुठल्यातरी शिपायाच्या खणात पडलीय, हे मला सोसत नाही.

उत्तर ड्रमगारच्या पत्त्यावर पाठव, अंडी विकायला येईन तेव्हा घेईन. मला आठवत जा.

तुझी आई
हनोरा

•

डब्लिन,
३ जून १९१६

ती. बाबांना डेलियाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

आईला वेगळं पत्र लिहिलंय. कुठल्या पत्त्यावर, ते विचारू नका.

तुम्ही सांगितलंत तसं मी बराकीत जाऊन वडील वारले म्हणून सांगून आले. खिडकीतला सार्जंट वेल्सकडचा आहे, म्हातारा, आणि सारखा शिंकतो. त्यानं मृत्यूचा दाखला मागितला. मी म्हटलं, अजून मिळालेला नाही. तो म्हणाला की बाई, इथं या आठवड्यात नऊ बाप मेलेत, आणि त्यातले तीन खाली रस्त्यावर विडी ओढत उभे होते. मग मी खरं ते सांगितलं.

रांगेत माझ्यापुढे एक विधवा होती, श्रीमती टॅलन. तिचा नवरा दूध आणायला म्हणून निघाला आणि कोपऱ्यावर मेला. ती त्याची टोपी मागत होती. यादीत टोपी नव्हती. ती म्हणाली, टोपीशिवाय तो दारात पाऊल टाकत नसे, तेव्हा टोपी असणारच. सार्जंटनं पुन्हा यादी वाचली. तिनं पुन्हा तेच सांगितलं. असं चार वेळा झालं, आवाज न चढवता, दोघांचाही. मग ती बाजूला होऊन भिंतीशी उभी राहिली.

माझ्यावर दया येऊन म्हणा किंवा रांग संपली म्हणून म्हणा, सार्जंटनं फिंटनचं गाठोडं खिडकीत ठेवून सोडून दाखवलं. हात लावू दिला नाही. घड्याळ साडेसातला थांबलंय. चष्म्याची एक काच आहे.

आणि बाबा, ते ‘इतर कागद’ म्हणजे पत्रं आहेत. त्याची नाहीत, भलत्याच लोकांची. नऊ आहेत. तिकीट लावलेली, चिकटवलेली, वर शिक्का नाही. कोटाचं अस्तर उसवून आत घातलेली होती, आणि अस्तर पुन्हा टाचण्यांनी बंद केलेलं होतं. काहींचे कोपरे तपकिरी झालेत. सार्जंट म्हणाला की हे प्रकरण वाईट आहे. बंडात मेला तो बंडवाला, ते एक झालं. पण राजाचं टपाल अंगावर सापडलं म्हणजे चोरी. कागदावर आत्ता तसंच लिहिलंय: टपालचोर. कोणी येऊन खुलासा केला नाही तर तेच कायम होईल.

 खुलासा काय असेल ते तुम्हाला सुचेल असं वाटलं, म्हणून लिहिते आहे. तुमच्या येण्यासाठी नाही. तुमची अडचण मला कळते.

तुमच्या मायेची भुकेली
डेलिया

•

बॅलिकार्न,
६ जून १९१६

चि. डेलिया हिस आशीर्वाद.

शनिवारी सकाळच्या गाडीनं येतो. स्टेशनावर ये. सार्जंटला सांगून ठेव की मी मेलेलो नाही.

लॉरेन्स डेव्हिन

•

डब्लिन,
१० जून १९१६

सौ. हनोरा हिस सप्रेम नमस्कार.

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, आणि तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. कधी लांब जायचा प्रसंगच आला नाही. हे तुला आपल्याच पेटीतून मिळेल. ड्रमगारला जायची गरज नाही. ड्रमगारच्या बाईनं मला पंधरवड्यापूर्वीच विचारलं होतं की तुझे पाय आता कसे आहेत.

माळ मिळाली. माझ्या खिशात आहे. क्रूस थोडा वाकलाय, मणी सगळे आहेत. किल्ली त्याच्या भाड्याच्या खोलीची निघाली. घरमालकिणीनं ती दुसऱ्याला देऊन टाकलीय, तरी कुलूप एकदा उघडून बघू दिलं.

आता झालं ते सांगतो. मी फॉर्म भरायला घेतला. ‘व्यवसाय’ असा रकाना आला तेव्हा सार्जंट मान वर न करता म्हणाला, की शेतकरी लिहिलं तरी इथं कोणी शेत बघायला येत नाही. माणूस वाईट नाही. मी पोस्टमास्तर लिहिलं. हत्यार घेऊन होता का, तिथे होय लिहिलं. सही केली. डेलियानं माझी बाही धरली होती, त्यामुळे सही जरा हलली.

मग मी पत्रं मागितली, पाहण्यापुरती. त्यानं थोडा विचार करून ती पुढे सरकवली आणि शिंकायला पलीकडे गेला. पुरती पंधरा मिनिटं शिंकला. मी एकेक उचलून पाहिलं. हनोरा, एकही उघडलेलं नव्हतं. चोर आधी पाकीट फोडतो, पैसे काढतो, उरलेलं टाकून देतो. माझ्या आयुष्यात तीन टपालचोर मी पकडून दिलेत, मला माहीत आहे. हा काउंटरखालच्या पेटीतला माल होता. रविवारी-सोमवारी लोकांनी टाकलेला, कोणी न काढलेला. छत खाली येत होतं, बाकीच्यांनी पाव घेतला, काडतुसं घेतली. यानं पेटीत हात घातला. एका मुठीत नऊच आली असतील.

मी हे सार्जंटला सांगितलं, त्यानं लिहून घेतलं. ‘टपालचोर’ खोडून ‘पत्रं ताब्यात आढळली’ असं केलं. पत्रं मात्र दिली नाहीत. म्हणे ती वर पाठवायची आहेत. मी म्हटलं, ती वर नको, ज्याची त्याला पाठवा, तिकिटं लावलेली आहेत. तो म्हणाला की ते त्याच्या हातात नाही. मला ते पटतं. माझ्याही हातात कधी फारसं नव्हतं.

आज मी पहिल्यांदा त्याच्यासाठी रडलो, ट्राममध्ये, लोकांसमोर. डेलिया खिडकीबाहेर बघत राहिली, शहाणी आहे. सोमवारी येतो. आल्यावर फार बोलायला लावू नकोस, पण जवळ बस.

तुझा
लॉरेन्स

•

बॅलिकार्न,
१६ जुलै १९१६

चि. डेलिया हिस अनेक आशीर्वाद.

इन्स्पेक्टर मंगळवारी आले. शिक्का, तराजू, किल्ल्या, सगळं मोजून दिलं. पेन्शन नाही. ऊनाचं नाव शाळेनं काढलं नाही, पण पुढच्या वर्षाचं सांगत नाहीत. घर सप्टेंबरपर्यंत ठेवता येईल, मग तुझ्या मामाकडे. तोवर एक बाई आमच्याच पुढच्या खोलीत पोस्ट चालवते. मी माझ्याच घराला बाहेरून वळसा घालतो, खिडकीशी उभा राहतो आणि तिकीट मागतो. ती मला पत्ता नीट लिहायला सांगते. तुझी आई स्वयंपाकघरात हसते. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून मी तक्रार करत नाही.

तिकिटं कशाला लागतात, ते सांगतो. त्या दिवशी सार्जंट शिंकत होता तेवढ्यात मी नऊ पत्ते पाठ केले. एकतीस वर्षं पत्तेच वाचले, नऊ म्हणजे काहीच नाहीत. त्या नऊ जणांना मी पत्र लिहिलं. तुमच्या नावाचं एक पत्र ईस्टरला डब्लिनच्या मोठ्या पोस्टात पडलं होतं, ते माझ्या मुलाच्या कोटात सापडलं, न उघडलेलं, तो मेला, आणि ते आता सरकारजमा आहे. पाठवणाऱ्याला कळवून पुन्हा लिहून घ्या. एवढंच लिहिलं. लोक वाट बघत बसतात, डेलिया. न आलेल्या पत्रावरून लोक एकमेकांशी बोलायचे थांबतात, हे मी खिडकीतून पाहिलंय.

दोन पत्रं पत्ता बदलला म्हणून परत आली. एकानं माझंच पत्र फाडून तुकडे पाकिटात घालून पाठवले, वर तिकीट बरोबर लावून. कॉर्कच्या एका व्यापाऱ्यानं आभार मानले. बाकीचे गप्प आहेत.

मी बरा आहे. ख्याली-खुशाली कळवत राहा, म्हणजे खिडकीशी जायला निमित्त मिळतं.

तुझे
बाबा

•

क्लूनमोर, स्लायगो परगणा,
२ ऑगस्ट १९१६

श्री. डेव्हिन यांस विनिफ्रेड फीली हिचा नमस्कार.

तुमचं पत्र येऊन तीन आठवडे झाले. तुम्हाला लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

मला डब्लिनहून पत्र लिहिणारा एकच माणूस होता, माझा मुलगा डॉमिनिक. तो राजाच्या फौजेत होता. फ्रान्समधल्या आघाडीवरून दहा दिवसांच्या रजेवर आला, आणि ईस्टरच्या शनिवारी परत निघाला. रविवारी डब्लिनहून बोटीत बसला. जूनच्या अकरा तारखेला तिकडे मारला गेला. त्याच्या वस्तू पलटणीनं पाठवल्या: वस्तरा, पाकीट, माझा एक फोटो. तिकडून आलेली त्याची दोन कार्डं आहेत, छापील, ‘मी बरा आहे’ यावर खूण केलेली. त्याच्या हातचं दुसरं काही नाही.

तो निघाला त्या सकाळी मी त्याला नको ते बोलले. परत जाऊ नकोस म्हटलं. तो म्हणाला की मग तुरुंगात जाईन. मी म्हटलं, जा, निदान जिवंत तरी राहशील, बाहेर मरायला तुला कोणी बोलावलंय. मग आणखीही बोलले. तो न जेवता गेला. दारातून मागे बघितलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी त्यानं मला पत्र लिहिलं, हे मला तुमच्याकडून कळलं.

मी खोटं लिहिणार नाही. तुमचा मुलगा आणि त्याचे सोबती तिथे गेले नसते, तर ते पत्र मंगळवारी माझ्या हातात असतं, आणि मी त्याला उत्तर पाठवलं असतं. हे मी रोज मनात म्हणते. त्यानंच ते आगीतून काढलं, हेही मला कळतं. दोन्ही एकदम धरता येत नाही.

माझ्याच्यानं डब्लिनला जाववत नाही, गुडघे गेलेत. तुम्ही एकदा त्या खिडकीशी गेला होतात. पुन्हा जाल का? मी आई आहे म्हणून सांगा. फॉर्म असेल तर पाठवा, मी काय हवं ते लिहून देईन.

वाट बघते.

विनिफ्रेड फीली

•

डब्लिन,
१० ऑगस्ट १९१६

श्रीमती फीली यांस लॉरेन्स डेव्हिनचा आदरपूर्वक नमस्कार.

आज सकाळी मी त्या कचेरीत गेलो. सार्जंट बदललाय. नव्यानं नोंदवही काढली आणि मला वाचता यावी म्हणून माझ्याकडे फिरवली. तीस जूनला ती नऊही पत्रं इतर कागदांबरोबर जाळून टाकली आहेत. खाली दोघांच्या सह्या आहेत. मी ती ओळ दोनदा वाचली. तुम्हाला आशेवर ठेवणं योग्य नाही, म्हणून आधी हे लिहिलं.

तुमचं पत्र माझ्या हातात मिनिट-दोन मिनिटं होतं. टपाल हाताळण्यात माझं आयुष्य गेलं, तेव्हा तेवढ्यात जे कळलं ते सांगतो. न कळलेलं एक अक्षर घालत नाही.

पाकीट स्वस्तातलं, पांढरं, बोटीच्या धक्क्यावर सुटं मिळतं तसं. पत्ता पेन्सिलीनं, मोठ्या अक्षरात. पेन्सिलीचं टोक मध्येच मोडलं असावं, कारण परगण्याचं नाव जाड आलं होतं. तिकीट उलटं चिकटलं होतं. त्यानं आधी पाकिटावर नुसतं ‘आई’ लिहिलं होतं. मग आपण पाकिटावर लिहितोय हे लक्षात येऊन ते एका रेघेनं खोडलं, आणि खाली तुमचं पूर्ण नाव घातलं. मला ते आठवतं, कारण असे लोक मी पुष्कळ पाहिलेत. मनात मजकूर आधीच सुरू झालेला असतो.

पत्र जड होतं. एक पान नव्हतं. तीन होती, कदाचित चार, चौपदरी घडी घातलेली. रागावलेला माणूस एक पान लिहितो. चार पानं लिहीत नाही. हे शेवटचं मात्र माझं मत आहे, माहिती नव्हे, तेव्हा ते वेगळं धरा. डावा खालचा कोपरा आगीनं तपकिरी झाला होता. गोंद सुटलेला नव्हता. ते कोणी वाचलं नाही, माझ्या मुलानंही नाही, हे मी शपथेवर सांगतो.

माझा मुलगा तिथे गेला नसता तर ते तुम्हाला मंगळवारी मिळालं असतं, असं तुम्ही लिहिलंत. ते खरं आहे.  

माझ्यावर लोभ ठेवा म्हणण्याचा मला अधिकार नाही. राग ठेवलात तरी चालेल. पण लिहीत जा. सप्टेंबरपासून माझा पत्ता मेहुण्यांच्या घरचा, तो पानाच्या मागे दिला आहे.

आपला
लॉरेन्स डेव्हिन